पितळेचे बारीक भाग जोडताना: सोल्डर की सुपरग्लू?

पितळेची तार, नळी आणि पातळ पत्रा हाताशी असला की विमानाच्या मॉडेलसाठी जवळजवळ काहीही घडवता येतं. पिटो ट्यूब (वेग मोजायला पुढे काढलेली नळी), अँटेनाचा खांब, लँडिंग गिअरची टॉर्क लिंक (चाकाच्या खांबावरची कात्रीसारखी जोडणी), कॉकपिटमधला नळ्यांचा सांगाडा. कापणं, वाकवणं, घासणं सरावाने जमतं. घोडं अडतं ते जोडताना. ०.४ मिलिमीटरची तार दुसऱ्या तारेवर काटकोनात उभी करायची आहे, तर सुपरग्लूचा थेंब द्यायचा की सोल्डरिंग आयर्न गरम करून सोल्डर, म्हणजे कमी उष्णतेला वितळणारा जोडधातू, वापरायचं?

माझ्या टेबलावर आजही दोन्ही आहेत, त्यामुळे एकाला पार मोडीत काढायचा विचार नाही. तराजू कुठे झुकतोय ते मात्र वाचताना कळेलच.

सुपरग्लूची बाजू आधी मांडतो, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते आणि त्यात गैर काहीच नाही. उष्णता लागत नाही, काही सेकंदांत पकड येते, आणि भाग प्लास्टिकवर बसलेला असला तरी जागच्या जागी लावता येतो. फक्त बाटलीच्या तोंडाने थेट लावायचा मोह टाळावा. शिवणाच्या सुईचं नेढं वरून कापलं की दोन दातांचा चिमुकला काटा उरतो. त्या दातांमध्ये गोंदाचा कणभर थेंब अडकून राहतो आणि सांध्याला टेकवला की आपसूक उतरतो. पितळ आधी बारीक पॉलिश पेपरने घासून अल्कोहोलने पुसलेलं असेल, तर एवढा थेंब पुरतो.

या गोंदाचं आणि विमानांचं नातंही जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट, म्हणजे सुपरग्लूचं मूळ रसायन, हाती लागलं, पण जिथे तिथे चिकटतं म्हणून बाजूला पडलं. १९५१ मध्ये जेट विमानांच्या कॅनोपीसाठी (वैमानिकावरच्या पारदर्शक छतासाठी) उष्णता सोसणारा पदार्थ शोधताना ते पुन्हा समोर आलं, आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून विक्रीला आलं. कॅनोपीच्या शोधात सापडलेल्या याच गोंदाची वाफ आज आपल्या मॉडेलच्या कॅनोपीवर पांढरी धूसर साय चढवते. कुणीतरी मुद्दाम केल्यासारखं वाटतं. असो, कॅनोपी शेवटी बसवली आणि हवा खेळती ठेवली तर ती तक्रार फार मोठी राहत नाही. माझी खरी तक्रार वेगळी आहे.

सुपरग्लूचा सांधा तुटतो, यात नवीन काही नाही. चीड येते ती तो तुटण्याच्या वेळेची. चिकटवताना तो ठणठणीत असतो. घासताना, प्रायमर मारताना, रंग देतानाही टिकतो. आणि मग सगळं संपत आल्यावर, मास्किंग टेप सोलताना किंवा डिकलखालचं (पाण्यात भिजवून लावायच्या चित्राखालचं) पाणी टिपताना बोटाची कड लागते, ‘टिक’ असा बारीक आवाज येतो आणि तो भाग टेबलाखाली कुठेतरी नाहीसा होतो. सापडला तरी सुटका नाही. जुन्या गोंदाच्या थरावर नवा गोंद नीट धरत नाही, म्हणजे दोन्ही बाजू खरवडून पितळ उघडं करायचं. ते करताना आजूबाजूचा रंग जातोच. गोंद विरघळवायला ॲसिटोन चालतं, पण ते पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिकही विरघळवतं, तेव्हा रंगवलेल्या मॉडेलजवळ त्याची बाटली उघडायचीही माझी छाती होत नाही.

यामागचं कारण समजल्यावर माझा बराचसा निर्णय झाला. ०.४ मिलिमीटरच्या तारेच्या टोकाचं क्षेत्रफळ जेमतेम ०.१३ चौरस मिलिमीटर. गोंदाला लागतात दोन रुंद, एकमेकांवर टेकलेले पृष्ठभाग आणि मध्ये पातळ थर. टोकाला टोक जोडताना त्यातलं काहीच मिळत नाही. आणि बारीक भागांवर खेचणारा ताण क्वचितच येतो, त्यांना बसते टिचकी. सुपरग्लू सुकल्यावर ठिसूळ असतो, त्यामुळे टिचकी बसली की तडकतो. सोल्डर मऊ असतं. तार वाकते, तिच्यासोबत सांधाही थोडा दबतो, पण हात सोडत नाही.

मिग-२१ च्या नाकावरचा लांब दांडा हे याचं चांगलं उदाहरण आहे. एकात एक बसणाऱ्या नळ्यांतून तो सुंदर घडवता येतो, आणि नंतरच्या आवृत्त्यांमध्ये त्याच्यावर चिमुकली पातीही असतात. गोंदाने लावलेली पाती माझ्याकडे कायम गळत राहिली. सोल्डर केलेला दांडा एकदा चांगलाच वाकला, तेव्हा चिमट्याने सरळ केला आणि तडा गेलेल्या रंगावर एक हात फिरवला. हे काही मोजमाप नव्हे, एका माणसाचा अनुभव आहे. पण तेव्हापासून धातूला धातू जोडायचा असेल तर हात आपोआप सोल्डरकडे जातो.

रबर मिसळलेला काळा सुपरग्लू टिचकी जास्त सोसतो, हे मान्य करायला हवं. पण तो दाट असतो आणि सावकाश धरतो. १/४८ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये कदाचित चालून जाईल, त्याहून लहान १/७२ मध्ये मात्र त्याचा थेंब भागापेक्षा मोठा दिसायला लागतो.

आता सोल्डर. लोक बिचकतात ते मुख्यतः गोळ्याला. जोडायची होती बारीक टॉर्क लिंक आणि हाती आला चकचकीत मणी, हा अनुभव ऐकून पुष्कळ जण या वाटेला जातच नाहीत. हे होतं कारण सर्किट बोर्डावर करतात तशी सोल्डरची तार थेट सांध्याला लावली जाते. या आकारात सोल्डर कणानेच द्यावं लागतं. सोल्डरची तार हातोडीने चपटी करायची आणि ब्लेडने तिचे तिळाहून बारीक कण पाडायचे. जोडायचे भाग लाकडाच्या फळीवर, उष्णता सोसणाऱ्या पॉलिइमाइड टेपने दाबून बसवायचे. सांध्यावर टाचणीच्या टोकाएवढा फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर पसरू देणारा लेप) लावायचा. फ्लक्स ओलसर असल्याने कण त्यावर चिकटून बसतो. मग आयर्नचं टोक, म्हणजे बिट, कणाला न लावता शेजारच्या पितळेला टेकवायचं. फ्लक्स आधी उकळतो, कण थोडा हलतो, आणि एका क्षणी चांदीसारखी रेघ सांध्याभोवती सर्रकन पळते. त्याच क्षणी बिट उचलायचं. कुणीतरी हे दाखवेपर्यंत अवघड वाटतं, एकदा ती रेघ पळताना पाहिली की भीती जाते. सिरिंजमध्ये मिळणाऱ्या सोल्डर पेस्टमध्ये सोल्डरची पूड आणि फ्लक्स एकत्रच असतात, त्यामुळे कण पाडायची कटकटही वाचते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीच घ्यावी असं मला वाटतं.

बिट निवडताना मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. बारीक कामाला सुईसारखं टोकदार बिट हवं असं वाटतं, पण त्याच्या टोकातून उष्णता पुरेशी उतरत नाही आणि मग माणूस दाबत बसतो. छोटं, चपट्या छिन्नीसारखं बिट एका टेकवण्यात काम करतं. तापमान ३०० ते ३५० अंशांच्या आसपास मला सोयीचं पडतं. पितळ तांब्याच्या साधारण एक तृतीयांश उष्णता वाहून नेतं, आणि हा गुण इथे आपल्या बाजूने असतो: उष्णता जिथे दिली तिथेच काही काळ राहते.

तरीही किती काळ? सोल्डरवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे: दुसरा सांधा करायला जावं आणि पहिला सुटून यावा. नळ्यांचा सांगाडा करणाऱ्याला हे अटळ असतं. हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या कॉकपिटमागे जशी नळ्यांची जाळी दिसते, तसं काही करायचं तर शेजारी शेजारी डझनभर सांधे येतात. साधा उपाय म्हणजे झालेल्या सांध्यावर ओला टिश्यू ठेवणे किंवा मध्ये ॲल्युमिनियमची क्लिप अडकवणे, म्हणजे उष्णता तिथेच शोषली जाते. दुसरा उपाय उतरत्या तापमानाचा. कथील-चांदीचं सोल्डर २२१ अंशांना वितळतं, ६३/३७ प्रमाणाचं कथील-शिशाचं १८३ ला, आणि कथील-बिस्मथचं १३८ ला. पहिले सांधे वरच्या तापमानाच्या सोल्डरने, पुढचे खालच्या. एक सावधगिरी: शिसं असलेल्या सांध्याला बिस्मथचं सोल्डर लागू देऊ नका. तिन्ही धातू एकत्र आले की शंभर अंशांच्याही खाली वितळणारं मिश्रण तयार होतं. शिवाय बिस्मथचं सोल्डर थोडं ठिसूळ, म्हणजे ज्या तक्रारीमुळे गोंद सोडला तीच पुन्हा दारात. मी ते अगदी शेवटच्या, धक्का न लागणाऱ्या जागेसाठीच ठेवतो.

सोल्डरच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, ती कमी बोलली जाते. वाकडा बसलेला भाग सरळ करता येतो. बिट टेकवलं, हलवलं, उचललं. सुपरग्लूमध्ये पहिला स्पर्श हाच शेवटचा, पाच अंश तिरपी बसलेली तार तशीच सोसावी लागते किंवा तोडावी लागते.

धुण्याचं काम मात्र वाढतं. आम्ल असलेला फ्लक्स सांध्यात राहिला तर काही दिवसांनी रंगाखालून हिरवट डाग वर येतो. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश, एवढं पुरतं. रोझिनचा (राळेचा) फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. शिशाचं सोल्डर वापरत असाल तर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. धूर असतो तो फ्लक्सचा, पण तोही नाकात जाऊ देण्यासारखा नाही.

आणि काही ठिकाणी सोल्डरचा काहीच उपयोग नाही. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर इतक्या लवकर येतो की नेहमीचं सोल्डर त्यावरून पाण्यासारखं घरंगळतं. तिथे सुपरग्लू, किंवा नीट जुळवायला वेळ हवा असेल तर इपॉक्सी. बंदुकीच्या नळ्या म्हणून वापरायच्या इंजेक्शनच्या सुया स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांना रोझिन पुरत नाही, तीव्र आम्लाचा फ्लक्स लागतो. एका बंदुकीच्या नळीसाठी एवढा खटाटोप मी करत नाही, सरळ गोंद लावतो. प्लास्टिकला चिकटलेल्या धातूवर तर आयर्न नेऊच नये, पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं.

तेव्हा तुम्ही वर्षाकाठी एखादंच मॉडेल करत असाल आणि तयार फोटो-एच भाग (पातळ पितळी पत्र्यातून रसायनाने कोरलेले) फक्त बसवायचे असतील, तर सुपरग्लूवर भागेल. त्यासाठी आयर्न घ्यायला मी सांगणार नाही. पण स्वतः तार-नळीतून भाग घडवायला लागला असाल, विशेषतः पंखाबाहेर किंवा नाकापुढे येणारे, तर सोल्डर शिकण्यात गेलेला वेळ मला तरी वाया गेलेला वाटला नाही. आधी टाकाऊ फोटो-एच फ्रेमच्या पट्ट्या एकमेकांवर काटकोनात जोडून पाहा. पितळ तेच, जाडी तीच, आणि बिघडलं तर काही जात नाही.

सोल्डर केलेला भाग विमानावर बसवताना शेवटी सुपरग्लूच लागतो, पण त्याला त्याच्या सोयीची जागा द्यावी. भाग घडवतानाच एक तार खाली दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवायची, प्लास्टिकमध्ये तेवढंच भोक पाडायचं आणि ती खुंटी गोंद लावून आत सारायची. मग गोंद खुंटीला चहूबाजूंनी धरतो आणि टिचकीचा जोर भोकाच्या भिंतीवर जातो.