कोल्हापूर ते लंडन: मुंबईहून जावं की बेंगळुरूहून?

सप्टेंबरात शिकायला लंडनला निघणाऱ्या पोरापोरींच्या घरी व्हिसा हातात आला की हाच खल सुरू होतो.

आधी आकाशातलं अंतर. मुंबई ते हीथ्रो सुमारे 7,200 किलोमीटर, बेंगळुरू ते हीथ्रो सुमारे 8,000. थेट विमानाला मुंबईहून दहा तासांच्या आसपास लागतात, बेंगळुरूहून तासभर जास्त. जाताना वारा समोरून असतो, म्हणून येताना वेळ कमी लागतो. वाटेतल्या एखाद्या देशाचं आकाश बंद असलं तर वळसा पडतो आणि तास वाढतात. इथवर मुंबई सरस.

पण आपण वेळ मोजायचा तो कोल्हापूरच्या वेशीवरच्या तावडे हॉटेल चौकापासून. हायवेनं मुंबई पावणेचारशे किलोमीटर. रस्त्याची कामं, खंबाटकी घाट आणि पनवेलच्या पुढची गर्दी धरून दहा तास हाताशी ठेवाच. त्यात विमानतळावरचे तीन आणि विमानातले दहा मिळवले की झाले तेवीस. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी दादरला उतरता येतं. मोटारीपेक्षा मला तीच बरी वाटते, फक्त बॅगा उचलायला सोबत दोन माणसं हवीत.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून बेंगळुरू दीड तासावर. तिथं चार तास थांबायचं धरलं तरी घरापासून हीथ्रोपर्यंत अठरा-एकोणीस तासांत होतं. घाट नाही, रात्रीचं जागरण नाही.

खरी मेख तिकिटात आहे. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली तर सामान बहुतेक वेळा थेट लंडनला जातं आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. तिकिटं वेगवेगळी असली तर देशातल्या विमानाला सहसा 15 किलोच चालतात, लंडनच्या विमानाला 23 चालत असले तरी. माझ्या भाचीची बॅग काट्यावर सहा किलो जास्त भरली. तिथंच फरशीवर बॅग उघडली. कांदा-लसूण चटणीचा डबा आणि भडंगाच्या पुड्या बाहेर आल्या, आणि ताई तो डबा पोटाशी धरून पोरगी आत जाईपर्यंत उभी राहिली. ते बघवत नव्हतं.

पावसाळ्यात ढग खाली आले की इथलं विमान लांबतं किंवा रद्द होतं. लंडनचं विमान आपल्यासाठी थांबत नाही आणि वेगळ्या तिकिटाचे पैसे बुडतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एकच तिकीट मिळत असेल तर बेंगळुरू, विशेषतः आई-वडील एकटे जाणार असतील तर. वेगळी तिकिटं काढावी लागत असतील तर मुंबईच, आणि तीही एक दिवस आधी पोहोचून. मुंबईचं तिकीट काढलंत तर त्यावर विमानतळ कुठला ते नीट वाचा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, आणि तिथून म्हणजे उलव्याहून मुंबईच्या जुन्या विमानतळावर, सहारला, ऐनवेळी धावत जाणं जमण्यातलं नाही.