ब्रेकचे पॅड नवे टाकले, पण डिस्क लेथला लावायची (म्हणजे मशीनवर घासून सपाट करायची) की नवी घ्यायची?
डिस्कवर मिनिमम जाडी कोरलेली असते, 22 एमएमची असेल तर बहुतेक 20, त्यामुळे मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय मेकॅनिकचं 'चालतंय हो' ऐकू नका. लेथला लावणं स्वस्त, पण डिस्क पातळ होते, पातळ झाली की लवकर तापते आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरू शकतं, म्हणून जाडी भरपूर शिल्लक आणि डिस्कवरच्या रेघा हलक्या असतील तरच मी हो म्हणेन. नवी महाग, त्यात डावी-उजवी जोडीनेच घ्यायची, पण नेहमी घाट उतरणाऱ्याने सरळ तीच घ्यावी (तिच्यावरचं तेल आधी ब्रेक क्लीनरने पुसा, हे बरेच जण विसरतात). बेडिंग (पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसवणं) दोन्ही पर्यायांत लागतंच, मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किमीवरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक दाबा, पूर्ण न थांबता, मग ब्रेक थंड होईपर्यंत गाडी नुसती फिरवा.