वर्डल: हार्ड मोड की साधा?

वर्डल, म्हणजे पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा ओळींत ओळखायचा खेळ, अंगवळणी पडलं, विश्रामबागेत बसमध्ये चढल्यावर मिरज यायच्या आत डाव सुटायला लागला, की सेटिंगमधलं हार्ड मोडचं बटण खुणावू लागतं. चालू करावं का? दोन्ही मोड खेळून मी साध्यावर परत आलोय. कारण एकच आहे, पण ते मुळापासून समजून घ्यावं असं आहे.

आधी हार्ड मोडची बाजू. हिरवं (योग्य जागी असलेलं) अक्षर जागेवर ठेवायचं, पिवळं (शब्दात आहे, पण जागा चुकलेलं) पुढच्या शब्दात घ्यायचंच, या सक्तीमुळं शिस्त लागते. मिळालेलं पिवळं अक्षर पुढच्याच ओळीत विसरायची सवय सुटते. मात्र करडं (शब्दात नसलेलं) अक्षर पुन्हा वापरलं किंवा पिवळं त्याच घरात ठेवलं, तर हार्ड मोडही अडवत नाही. ते भान आपलं आपणच ठेवायचं. ग्रुपवर निकाल टाकताना आकड्यापुढं चांदणी येते, तिचाही मान असतो.

आता अडचण. दुसऱ्या ओळीत 'लाइट' लिहिलं. आय, जी, एच, टी चारही हिरवी, फक्त एल करडा. बघणाऱ्याला वाटतं, सुटलंच. खरं तर इथंच डाव अडकतो. फाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट आणि आकड्यातला एट: शब्द सात, उरलेल्या ओळी चार. हार्ड मोडमध्ये दर ओळीला पहिलं एकच अक्षर बदलता येतं, म्हणजे कितीही डोकं चालवा, सातांतले तीन शब्द तपासायचे राहणारच. स्ट्रीक, म्हणजे सलग सुटलेल्या डावांची साखळी, तुटली तर ती आपल्या चुकीनं तुटत नाही, नशिबानं तुटते, आणि तेच जिव्हारी लागतं.

साध्या मोडमध्ये तिसऱ्या ओळीत 'फार्म्स' लिहा. ते उत्तर नाही हे ठाऊक असतं, पण एफ, आर, एम, एस ही चार अक्षरं एका फटक्यात तपासून होतात. एखादं रंगलं तर चौथ्या ओळीत उत्तर. चारही करडी निघाली तर एट, नाइट, टाइट एवढेच उरतात आणि ओळीही तीन. यातला 'टाइट' बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. शेवटचा टी हिरवा झाला म्हणून सुरुवातीला दुसरा टी नसेल असं नाही.

कॅच, मॅच, पॅच, वॉच किंवा फाउंड, राउंड, साउंड यांचीही हीच गत.

हार्ड मोडच खेळायचा असेल तर पहिला शब्द जपून निवडा. 'स्लेट' एरवी उत्तम; पण एस, एल करडी आणि ए, टी, ई हिरवी निघाली की क्रेट, आयरेट, अबेट अशी रांग लागते. त्यापेक्षा 'क्रेन' मला बरा वाटतो.

दोन्ही मोडना लागू असलेली एक गोष्ट: आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, खेळ मात्र अमेरिकन वळणाचा. 2022 मध्ये 'ह्यूमर' शेवटचा यू गाळून, पाच अक्षरांत, उत्तर म्हणून आला होता. फेवर, ऑनर, लेबर हेही तसेच पाच अक्षरांत बसतात.

हार्ड मोड डाव सुरू करण्याआधीच चालू करावा लागतो. नवख्यानं महिनाभर वापरून बघायला हरकत नाही. स्ट्रीक शंभरीकडं निघाली असेल, तर मात्र ते बटण बंदच असू द्या.