नऊ महिने एआयची वर्गणी भरून: प्रश्नपेढी झकास, ‘दऱ्या’ मात्र बुडाल्या

एआयच्या वर्गणीचे पैसे कार्डातून कापल्याचा मेसेज आज परत आला, म्हणून लिहायला बसलो. महिन्याला दोन हजारांच्या घरात. मी तासिका तत्त्वावर कॉलेजात भूगोल शिकवतो. आमचं मानधन कधी जमा होईल सांगता येत नाही, पण यांचा हप्ता एक दिवस चुकत नाही. कॉलेजकडे मागून पाहिलं, तर लेखा विभाग म्हणाला, आधी तीन कोटेशनं आणा.

बहुपर्यायी प्रश्न, इंग्रजी शोधनिबंधाचा सारांश, तासांचं नियोजन ही कामं झकास. एका घटकाच्या प्रश्नपेढीत माझे दोन रविवार जायचे, आता चहा निवेपर्यंत होते.

पण याचं मराठी! हिंदीचा सदरा घालूनच येतं. खडकाला ‘चट्टान’, विदारणाला ‘अपक्षय’, नदीच्या खननाला ‘अपरदन’. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, म्हणजे पाण्याने खडकात कोरलेले रांजणासारखे खळगे (इंग्रजीत ‘पॉटहोल’), याने ‘रस्त्यावरील खड्डे’ करून टाकले. हिमनदीच्या यू आकाराच्या दरीला ‘घाटी’ म्हणाला. घाटावरच्या पोरांसमोर वाचून दाखवा बरं! ‘मराठी शब्द वापर’ म्हटल्यावर क्षमा मागून ‘दर्या’ लिहिलं. दऱ्या नव्हे, दर्या. घाईत मी अंतर्गत चाचणीचा पेपर तसाच छापला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हिमनदीने समुद्र कसा तयार होईल?” तेव्हापासून प्रत्येक ‘ऱ्या’ मी चष्मा पुसून बघतो. कंपनीला दोनदा कळवलं. दोन्ही वेळा इंग्रजीत आभार आले.

ऑक्टोबरात मात्र मला हाच दोष आवडायला लागला. असाइनमेंटच्या ६२ वह्यांपैकी ४१ वह्यांत ‘अपरदन’! माझ्या नोट्समध्ये तो शब्द नाही, मी वर्गात कधी उच्चारलेला नाही. म्हटलं, एआय पकडायला वेगळं सॉफ्टवेअर हवंय कशाला? त्यांचा तरी कुठे भरवसा आहे? खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयचा जेमतेम २६ टक्के मजकूर त्याने ओळखला, आणि जुलैत ते गुंडाळलं. मी लाल पेन घेतलं, ‘अपरदन’ला गोल केला आणि निम्मे गुण कापले.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी टेबलापाशी आली. “सर, माझी बारावी गोंदियाला हिंदी माध्यमातून झालीय.” सोबत अकरावीची वही आणली होती. पहिल्याच पानावर पेन्सिलीने तडकलेला खडक काढलेला, खाली ‘अपक्षय और अपरदन’. तिचे गुण तिथल्या तिथे परत दिले. मान वर करून बोलायची हिंमत काही झाली नाही.

उरलेल्या चाळिसांना एकेक करून विचारलं, तुमच्या गावच्या ओढ्याला वळणावर कुठला काठ खचतो? बरेच जण गप्प. पण सातआठ जणांनी बाहेरचा काठ खचतो, आतल्या बाजूला वाळू साचते हे धडाधड सांगितलं. एकाने तर मोबाइलवर फोटो काढून आणला होता. तो म्हणाला, “एआयलाच विचारलं सर. रात्री अकराला तुम्हाला कसा फोन करणार?” त्याचेही गुण परत दिले.

वर्गणी आजच बंद करणार होतो, पण सोमवारी तिसऱ्या घटकाची प्रश्नपेढी द्यायचीय. हा मजकूर शुद्धलेखनासाठी त्यालाच दिला होता. वरच्या ‘दऱ्या’ त्याने ‘दर्या’ करून परत पाठवल्या.