डक्ट साफ करून घ्यायचे, की फिल्टर बदलून भागेल? पैसे देण्याआधी करायची तुलना

सप्टेंबर सरत आला की आमच्याकडे न्यू जर्सीत पत्रपेटीत कूपनं पडायला लागतात. ‘संपूर्ण घराचे डक्ट साफ, फक्त 99 डॉलर.’ डक्ट म्हणजे हवा तापवणाऱ्या-थंड करणाऱ्या यंत्रातून खोल्याखोल्यांत हवा नेणारे आणि परत आणणारे, बहुधा पत्र्याचे बंद मार्ग; खोलीत त्यांच्या तोंडांवर जाळ्या असतात. नेमका त्याच आठवड्यात मोसमातला पहिला हीटर लागलेला असतो, जाळ्यांमधून करपल्यासारखा वास आलेला असतो आणि घरात कोणीतरी शिंकत असतं. मग फोन उचलला जातो. मीही उचलला होता.

गेल्या बारा-तेरा वर्षांत या घरात डक्टवर आम्ही दोनदा पैसे घातले. पहिल्यांदा ते वाया गेले, दुसऱ्यांदा मात्र घालायलाच हवे होते. दोन्ही वेळा धूळ दिसत होती, शिंकाही येत होत्या. फरक होता तो जाळीच्या आत काय आहे त्यात, आणि पहिल्या वेळी मी जाळी उघडून पाहिलीच नव्हती. पुण्यात भिंतीवरचा स्प्लिट एसी उघडला की मळ समोर दिसतो. इथे हवेचा सगळा रस्ता भिंतींत आणि छतात लपलेला, म्हणून भीती जास्त वाटते. ज्यांना यंदा निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी सगळे मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहते.

आधी, कशावरून ठरवायचं नाही

थंडीतल्या पहिल्या हीटरचा वास हा डक्टचा पुरावा नव्हे. उन्हाळाभर फर्नेसच्या, म्हणजे घरातली हवा तापवणाऱ्या यंत्राच्या, तापणाऱ्या भागावर बसलेली धूळ पहिल्या दिवशी जळते, काही तासांत वास जातो. तो दोन-तीन दिवस टिकला, किंवा वायर जळल्यासारखा आला, तर फर्नेस बंद करून फर्नेसवाल्याला बोलवा. डक्टवाल्याला नव्हे.

रिटर्नच्या, म्हणजे हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या, जाळीवर साचलेला राखाडी थर बघून सगळ्यांत जास्त लोक घाबरतात. पण घरातली हवा त्याच जाळीतून परत आत खेचली जाते, तेव्हा धूळ तिथे अडकणारच. व्हॅक्यूम फिरवा, जाळी काढून साबणाच्या पाण्याने धुवा, काम झालं.

तिसरी गोष्ट आपल्या घरांत हमखास दिसते. छतातल्या जाळीभोवती काळपट पट्टे उमटतात, गालिच्याच्या कडा भिंतीलगत काळ्या पडतात. रोजची उदबत्ती, गणपतीतला धूप आणि मेणबत्त्या यांची बारीक काजळी हवेबरोबर फिरते आणि जिथे फटीतून हवा सुटते तिथे गाळली जाऊन बसते. त्यात स्वयंपाकघराची भर. इथल्या बऱ्याच घरांत शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या जाळीतून फिरवून तीच हवा परत खोलीत सोडतो. फोडणीचा तेलकट धूर मग फिल्टरवर आणि जाळ्यांवर चिकटतो आणि त्या चिकट थरावर धूळ धरते. अशा घरात डक्ट साफ करून घेतले तरी दोन महिन्यांत जाळ्या होत्या तशाच होणार. पंख्याची नळी बाहेर काढता आली तर तो खर्च जास्त उपयोगी पडेल.

मग कशावरून ठरवायचं

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, घरमालकांसाठी दिलेला सल्ला मला या विषयात सर्वांत सरळ वाटतो. डक्ट ठरावीक काळाने साफ करावेत असं ती म्हणत नाही, गरज असेल तेव्हाच करा म्हणते. डक्ट सफाईने आजार टळतात असं कधीही सिद्ध झालेलं नाही, हेही ती स्पष्ट लिहिते. डक्टमधली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून राहते, खोलीत येतेच असं नाही. याउलट सफाई करणाऱ्यांच्या संघटनेचं, नॅडकाचं, म्हणणं दर तीन ते पाच वर्षांनी सफाई करावी असं आहे. मी पहिल्या सल्ल्यावर चालते, कारण तो देणाऱ्याचा त्यात धंदा नाही.

ईपीए तीन कारणं मोजते. पत्र्याच्या डक्टच्या आत किंवा यंत्राच्या इतर भागांवर डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी. आत उंदीर किंवा किडे यांचा वावर. आणि धुळीने, कचऱ्याने डक्ट तुंबलेले असणं किंवा हवा बाहेर येणाऱ्या जाळीतून कण खोलीत उडताना दिसणं.

हे घरबसल्या तपासता येतं. यंत्र बंद करा, दोन-तीन खोल्यांतल्या जाळ्यांचे स्क्रू काढा, फोनचा दिवा लावून हात आत घाला आणि व्हिडिओ घ्या. तळाशी बोटाने रेघ उमटेल इतकीच धूळ असेल तर ती सर्वसामान्य आहे. काळ्या तांदळासारख्या लेंड्या, कुरतडलेल्या कापसाचं घरटं, लाकडाचा भुसा, ड्रायवॉलचे (इथल्या भिंतींच्या जिप्सम पाट्यांचे) तुकडे दिसले तर गोष्ट वेगळी. नवीन घर घेतलेल्यांनी आणि स्वयंपाकघराची तोडफोड करून घेतलेल्यांनी हे आवर्जून पाहावं. बांधकाम चालू असताना जाळ्यांची तोंडं झाकली नसतील तर ड्रायवॉलची पांढरी भुकटी आणि खिळे सरळ आत जातात.

बुरशीच्या बाबतीत मात्र कोणी काळा डाग दाखवला म्हणून लगेच मान डोलवू नका. पारदर्शक चिकटपट्टीवर नमुना घेऊन प्रयोगशाळेत दिला की खात्री होते. ईपीएच्या अंदाजाने त्याला सुमारे 50 डॉलर लागतात.

फिल्टर, गळती आणि सफाई

फर्नेसमध्ये शिरणारी हवा गाळणारा फिल्टर बदलणं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा. घरात कुत्रं-मांजर असेल किंवा रोजचं तळण असेल तर महिन्यालाच. चार इंची असेल तर सहा महिने ते वर्ष चालतो. फिल्टर किती बारीक गाळतो ते त्याच्या मर्व्ह आकड्यावरून कळतं. मर्व्ह 8 साधी धूळ धरतो, मर्व्ह 13 धुरातले बारीक कणही बऱ्यापैकी अडवतो. पण जुन्या यंत्रात, विशेषतः एक इंची खाचेत, 13 घातला तर हवा अडते आणि ब्लोअरवर, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्यावर, ताण येतो, तेव्हा आधी यंत्र किती पेलतं ते विचारून घ्या. आणखी एक, फिल्टरवरचा बाण फर्नेसच्या दिशेने हवा. आमच्या ओळखीत तीन घरांत तो उलटा बसवलेला मी स्वतः पाहिलाय. फिल्टर खाचेत सैल बसत असेल तर हवा त्याला वळसा घालून जाते आणि कितीही महागडा फिल्टर आणा, धूळ ब्लोअरवर आणि एसीच्या हवा थंड करणाऱ्या कॉइलवर बसतेच.

गळती बुजवणं हा मार्ग कूपनवर कधी दिसत नाही, आणि माझ्या मते निम्म्या घरांना खरी गरज याचीच असते. एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे साध्या घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी 20 ते 30 टक्के हवा फटींतून आणि सुटलेल्या जोडांतून वाया जाते. तापवलेली हवा वाया जाते हे तर झालंच. पण रिटर्नचा डक्ट माळ्यावर किंवा घराखालच्या पोकळीत फुटलेला असेल, तर तो तिथली धूळ आणि फायबरग्लासचे तंतू खेचून घरभर पसरवतो. सफाई केली की महिन्याभरात धूळ परत येते, अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी हे पाहावं. एखादी खोली कायम थंड राहणं, बेसमेंटमध्ये डक्टच्या जोडावर हात धरला की वारा लागणं, जोडाभोवती काळे पट्टे असणं, या गळतीच्या खुणा आहेत. जोड उघड्यावर असतील तर मॅस्टिकचा (फटी बुजवायच्या घट्ट लेपाचा) डबा, जुना ब्रश आणि एक शनिवार पुरतो. नावात डक्ट असलेली ती राखाडी कापडी टेप मात्र वापरू नका. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 1998 मध्ये वेगवेगळ्या टेप आणि लेप तपासले, तेव्हा नेमकी तीच उष्णतेने सुटली.

सफाई, ती नीट केली तर, एका यंत्रामागे 450 ते 1,000 डॉलर पडते असा ईपीएचा आकडा आहे. आता 99 डॉलरचा सौदा तिच्या शेजारी ठेवून पाहा. आमच्याकडे कूपनवरून आलेल्या दोघांनी साध्या वर्कशॉप व्हॅक्यूमची नळी प्रत्येक जाळीत हातभर घातली, पाऊण तासात आवरलं, आणि मग फोनवर बुरशीचा फोटो दाखवून औषध फवारायचे आणखी 400 मागितले. तो फोटो आमच्या घरातला होता की आणखी कुठला, हे मी विचारलंही नाही, इतकी घाबरले होते. घरात तान्हं मूल होतं.

दुसऱ्या वेळी, उंदीर निघाल्यानंतर, आलेल्या माणसांनी आधी उंदीर शिरत होते ते भोक दाखवलं आणि ते बुजवून घ्या, मगच आम्ही येतो असं सांगितलं. नंतर मोठं यंत्र मुख्य डक्टला जोडून आतली हवा बाहेरच्या दिशेने खेचत ठेवली, म्हणजे सुटलेली घाण खोलीत येणार नाही. मग एकेका फाट्यात ब्रश आणि हवेच्या दाबाने फटकारणाऱ्या रबरी नळ्या घालून पत्रा झाडला. त्यात निम्म्याहून जास्त दिवस गेला. ब्लोअर, कॉइल, पाणी साठणारा ट्रे, सगळं उघडून साफ केलं. यातलं काही वगळलं तर उरलेली घाण पुन्हा डक्टमध्ये जाते, त्यामुळे फक्त जाळ्यांपुरती सफाई स्वस्तातही घेण्यात अर्थ नाही. अर्धवट सफाईने चिकटून बसलेली धूळ सुटी होऊन खोलीत येते, म्हणजे काही न करण्यापेक्षा वाईट.

सफाई चालतच नाही अशी घरं

डक्टच्या आतून फायबरग्लासचं अस्तर असेल आणि ते भिजून बुरशी धरली असेल, तर ते साफ होत नाही, तो भाग काढून नवीन घालावा लागतो. अशा अस्तरावर फवारण्यासाठी ईपीएने नोंदणी केलेलं कोणतंही जंतुनाशक नाही, तेव्हा कोणी फवारा विकायला लागला तर तिथेच थांबवा. ईपीए कोणत्याही डक्ट कंपनीला प्रमाणपत्रही देत नाही. गाडीवर ‘ईपीए प्रमाणित’ लिहिलं असेल तर त्या माणसाला निरोप द्या. बुरशीचं मूळ पाण्यात असतं. तुंबलेला ट्रे किंवा घाम धरणारा डक्ट आधी दुरुस्त झाला नाही, तर सफाईनंतर ती परत येतेच.

आणि घर जुनं असेल, डक्टच्या जोडांवर पांढरट कापडासारखी गुंडाळी दिसत असेल, तर तिला हातही लावू नका. ती ॲस्बेस्टॉसची, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतूंची, असू शकते. त्याची तपासणी झाल्याशिवाय ब्रशवाल्याला घरात घेऊ नका.

तर यंदा पैसे कुठे घालावे

आत लेंड्या, बुरशी किंवा बांधकामाचा कचरा दिसला तर सफाई, आणि तीही तीन ठिकाणांहून लेखी दर घेऊन. काहीच दिसलं नाही पण धूळ लवकर परत येते, तर गळती. यातलं काहीही नसेल तर चांगला फिल्टर, आणि गॅसवर किंवा तेलावर चालणारी फर्नेस असेल तर थंडीआधीची तिची वार्षिक तपासणी. तिच्यात बिघाड असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो. त्याला वास नसतो, त्यामुळे ही तपासणी पुढे ढकलायची नाही.

घरात दम्याचा पेशंट असेल तर निर्णय अवघड जातो, हे मला माहीत आहे. माझ्या सासूबाई सहा महिने आमच्याकडे असतात. त्यांच्यासाठी मी डक्टऐवजी झोपायच्या खोलीत हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचं हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवलं आणि गालिचा काढून टाकला. रात्रीचे आठ तास त्या ज्या हवेत असतात, तिचा विचार आधी केला.

डक्टचं काहीही ठरवा, कपडे वाळवायच्या ड्रायरची बाहेर जाणारी नळी मात्र यादीत वर घ्या. तिचा या डक्टशी संबंध नाही, पण तिच्यातला साचलेला कापसासारखा गाळ पेट घेतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 च्या आकडेवारीवरून वर्षाला सुमारे 2,900 घरगुती ड्रायरच्या आगी मोजल्या, आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण सफाई न करणं हेच होतं. कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय का ते आठवा, आणि ड्रायर चालू असताना बाहेरच्या झडपेवर हात धरून पाहा. हाताला जोराचा वारा लागला नाही, तर ती नळी याच आठवड्यात साफ करून घ्या.