फाउंडेशन वर्षाची तयारी आणि कॅसिओ ९९१: ईएक्स घ्यावा की सीडब्ल्यू?

विज्ञान किंवा इंजिनिअरिंगच्या पदवीआधी फाउंडेशन वर्ष करायचं ठरलं की खरेदीच्या यादीत कॅल्क्युलेटर असतोच. नाव बहुतेकदा एकच ऐकू येतं, कॅसिओ एफएक्स-९९१. सध्या त्याच्या दोन आवृत्त्या चर्चेत आहेत, जुनी ईएक्स आणि नंतर आलेली सीडब्ल्यू. आकडेमोडीची ताकद दोघांची जवळपास सारखी आहे. फरक आहे बटणांच्या मांडणीत, आणि वेळ लावून सोडवायच्या पेपरात तो फरक जाणवतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. घरात चालू ईएक्स असेल तर सीडब्ल्यूवर पैसे घालू नका. नवीन घ्यायचा असेल तर सीडब्ल्यू चालेल, पण वर्ग सुरू होण्याच्या दोन महिने आधी घ्या. परीक्षेच्या आठवड्यात हातात आलेलं हे यंत्र मदतीपेक्षा गोंधळच जास्त घालतं.

पेटीतून काढल्यावर पहिलं काम सेटिंगचं. कारखान्यातून येताना उत्तरं अपूर्णांकात किंवा वर्गमुळात दाखवायची सोय चालू असते. १० भागिले ४ केलं की ५/२ दिसतं. बीजगणितासाठी हे छान, भौतिकशास्त्रासाठी त्रासाचं. ईएक्सवर शिफ्ट, मेनू, मग १ आणि २ दाबलं की उत्तर थेट दशांशात येतं. कायमचं बदलायचं नसेल तर = ऐवजी शिफ्ट आणि = दाबा, तेवढंच उत्तर दशांशात मिळेल. सीडब्ल्यूवर त्यासाठी शिफ्ट आणि एक्झिक्यूट, नाहीतर फॉरमॅट बटणाच्या यादीतून निवड. सार्थ अंक तीनच हवेत तर ईएक्सवर शिफ्ट, मेनू, ३, २ आणि पुन्हा ३. मात्र हे फक्त दाखवण्यापुरतं असतं, आत पूर्ण किंमत राहते. म्हणून मधली उत्तरं कागदावरून गोल करून परत टाइप करू नयेत. ती ए, बी, सी या अक्षरांत साठवावीत किंवा 'आन्सर' बटणाने पुढे न्यावीत.

सगळ्यात महाग पडणारी सेटिंग कोनाची. यंत्र अंशात असताना साइन एक्सचं शून्यापाशी विकलन काढलं तर १ यायच्या जागी ०.०१७४५ येतं. शून्यापासून पायपर्यंत साइन एक्सचं समाकलन २ असायला हवं, अंशात ते ०.०८६१ दाखवतं. दोन्ही वेळा पडद्यावर चुकीचा कसलाही इशारा नसतो, कारण यंत्राच्या लेखी चूक झालेलीच नसते. कॅल्क्युलसची साइन-कोसाइनची सूत्रं रेडियनमध्येच खरी आहेत. उलट उतरणीवरचा ठोकळा किंवा प्रकाशाचं अपवर्तन सोडवताना कोन अंशात दिलेला असतो. पडद्यावर वर लहानसं 'डी' किंवा 'आर' अक्षर असतं, तिथे नजर टाकायची सवय लागेपर्यंत दर उदाहरणाआधी साइन ३० काढून पाहा. ०.५ आलं तर अंश, उणे ०.९८८ आलं तर रेडियन. बदलायचं असेल तर ईएक्सवर शिफ्ट, मेनू, २. सीडब्ल्यूवर सेटिंग्जमधून आकडेमोडीच्या सेटिंगमध्ये, आणि तिथे कोनाचं एकक.

दहाच्या घातांसाठी असलेलं '×१०^एक्स' हे बटण दिसायला साधं, पण शाळेतून येणारे बरेच जण ते टाळतात आणि × १ ० ^ असं सुटं टाइप करतात. इथे ६ला ३ × १०^८ने भागून पाहा. सुटं टाइप केलं तर यंत्र आधी ६ भागिले ३ करतं, मग १०^८ने गुणतं, आणि उत्तर येतं २ × १०^८. त्या बटणाने टाकलं तर ३ × १०^८ ही एकच संख्या धरली जाते आणि उत्तर येतं २ × १०^-८. फरक १०^१६ पटींचा. याचा जुळा भाऊ म्हणजे ६.०२ × १० टाइप करून वर पुन्हा हेच बटण दाबणं. असं केलं की ॲव्होगॅड्रो अंक दहापट होतो.

गुणाकाराचं चिन्ह गाळण्याचाही घोळ आहेच. ६ ÷ २(१+२) याचं उत्तर हे यंत्र १ देतं, कारण चिन्ह न लिहिलेला गुणाकार ते आधी करतं. ईएक्स तर स्वतःहून कंस घालूनही दाखवतं. हेच चिन्ह घालून ६ ÷ २ × (१+२) टाइप केलं तर उत्तर ९. फोनवरचे बरेच कॅल्क्युलेटर दोन्ही वेळा ९ देतात. वादात पडू नका, अपूर्णांकाचा साचा वापरा आणि छेदात काय आहे ते डोळ्यांनी पाहा. ऋण संख्येचा वर्गही तसाच: -५ टाइप करून वर्गाचं बटण दाबलं तर उणे २५ येतं. वर्गसमीकरणाच्या सूत्रात बी ऋण असेल तर कंस हवाच.

प्रयोगशाळेच्या कामात ९९१ खरा उपयोगी पडतो. ईएक्सच्या मेनूत ६ म्हणजे सांख्यिकी. लंबकाच्या प्रयोगात लांबी एक्सच्या रकान्यात आणि आवर्तकाळाचा वर्ग वायच्या रकान्यात भरा, सरळ रेषेचं समीकरण निवडा, उतार मिळतो. पण इथे रेषा वाय = ए + बीएक्स अशी असते, म्हणजे उतार 'बी' आणि वाय-अक्षावरचा छेद 'ए'. वाय = एमएक्स + सी पाठ असलेले पहिला आकडा उतार समजून उचलतात. उतार ४.०२ आला तर ४ × पाय वर्ग म्हणजे ३९.४८ला त्याने भागा, गुरुत्वत्वरण 'जी' मिळतं ९.८२ मीटर प्रति सेकंद वर्ग. छेद शून्यापासून बराच दूर असेल तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती का ते तपासा. आलेख मात्र हातानेही काढायचाच, कारण एखादा बिंदू रेषेपासून भरकटलेला आहे हे 'ए' आणि 'बी' सांगत नाहीत.

प्रमाण विचलनाचे दोन आकडे दिसतात, सिग्मा आणि एस. ९.७, ९.९, ९.८, १०.१ या चार मोजमापांसाठी सिग्मा ०.१४८ येतो आणि एस ०.१७१. मोजमापं थोडी असतील आणि त्यावरून अनिश्चितता सांगायची असेल तर एस घ्यावा, त्यात भागाकार एन उणे १ने होतो.

इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांसाठी ईएक्सचं ईएनजी बटण हा माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण. ०.०००४७ वर ते दाबलं की ४७० × १०^-६ दिसतं, म्हणजे ४७० मायक्रो. सेटअपमध्ये (शिफ्ट, मेनू) ४ निवडून चिन्हं चालू केली की किलो, मिली, मायक्रो पडद्यावरच येतात. ४.७ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा गुणाकार ०.४७ सेकंद, हे मग शून्यं न मोजता तपासता येतं. सीडब्ल्यूवर हे बटण समोर नाही, फॉरमॅटच्या यादीत जावं लागतं. सर्किटची पंधरा उदाहरणं सलग केली की हा फरक बोटांना कळतो. व्हेक्टरचे घटक आणि त्याची लांबी-दिशा यांची अदलाबदल करणारे पोल आणि रेकही ईएक्सवर शिफ्टसोबत अधिक-उणेच्या बटणावर आहेत, सीडब्ल्यूवर कॅटलॉगमध्ये दडले आहेत. आणि पोल लागतोच: (-३, ४) या व्हेक्टरची दिशा टॅन इन्व्हर्सने उणे ५३.१३ अंश येते, जी चक्क उलट्या चरणातली आहे. पोल थेट ५ आणि १२६.८७ अंश देतो.

सीडब्ल्यूच्या बाजूनेही बोलायला हवं. पडदा जास्त स्पष्ट आहे, मेनू शब्दांत वाचता येतो, आणि एफ(एक्स), जी(एक्स) साठवून पुन्हा पुन्हा वापरता येतात. पहिल्यांदाच असा कॅल्क्युलेटर हातात घेणाऱ्याला तो लवकर उमगतो. क्यूआर कोडने फोनवर आलेख दाखवायची सोय दोघांतही आहे, परीक्षेत तिचा उपयोग शून्य.

गणिताच्या तयारीत याचा उत्तम वापर म्हणजे हाताने काढलेलं उत्तर पडताळणं. एक्स गुणिले एलएन एक्सचं विकलन एलएन एक्स + १ असं आलं, तर एक्स = २ घेऊन यंत्राच्या विकलनाशी ताडून पाहा: दोन्हीकडे १.६९३ यायला हवं. तपासायला ० किंवा १ घेऊ नका. एक्स = १ घेतलं तर १/एक्स हे चुकीचं उत्तरही १ देतं आणि खऱ्या उत्तराशी जुळतं. टेबलचंही असंच आहे. १/(एक्स - २)चा तक्ता ०पासून ०.३च्या पायरीने काढला तर २ ही किंमत त्यात येतच नाही, १.८ला उणे ५ आणि २.१ला १० एवढंच दिसतं. मधली अनंतस्पर्शी रेषा ओळखायची जबाबदारी तुमची.

समीकरणाचं मूळ शोधून देणाऱ्या सॉल्व्हबद्दल सावध. ईएक्सवर शिफ्ट आणि कॅल्क, सीडब्ल्यूवर समीकरणांच्या ॲपमध्ये. हे न्यूटनच्या पद्धतीने चालतं आणि सुरुवातीच्या अंदाजाजवळचं एखादं मूळ देऊन थांबतं. ई^एक्स = ३एक्स या समीकरणाला दोन मुळं आहेत. अंदाज ० दिला तर ०.६१९ मिळतं, २ दिला तर १.५१२. दुसरं मूळ असेल असा संशय यायला आधी ओबडधोबड आलेख काढलेला असावा लागतो. किरचॉफच्या नियमांची तीन अज्ञातांची समीकरणं ईएक्सच्या मेनूतल्या 'ए'मध्ये सुटतात. गैरहजर पदाच्या जागी ० भरा आणि चिन्हं जपा. फाउंडेशनच्या पेपरात गुण पायऱ्यांना असतात, म्हणून नुसते आकडे लिहून भागत नाही.

यंत्रात भौतिक स्थिरांकही साठवलेले आहेत, ईएक्सवर शिफ्ट आणि ७. पेपरासोबत दिलेल्या तक्त्यातली किंमत वेगळी असेल तर तक्त्यातलीच घ्यावी, नाहीतर शेवटचा सार्थ अंक हलतो.

घेण्याआधी आपल्या विद्यापीठाची परवानगी असलेल्या मॉडेलांची यादी पाहा. काही ठिकाणी ठराविक मॉडेलच चालतात, आणि यादीत ९९१ नसेल तर एफएक्स-८३च्या वर्गातला साधा कॅल्क्युलेटर घेऊन त्यावरच सराव करावा. विकलन-समाकलन सोडलं तर फाउंडेशनचं बरंचसं काम त्यावर भागतं. परीक्षेच्या दारात यंत्र रीसेट करायला सांगितलं तर ईएक्सवर शिफ्ट, ९, ३, =, मग एसी. हे झालं की दशांशाची, सार्थ अंकांची आणि कोनाची सेटिंग पुसली जाते आणि यंत्र पुन्हा अंशात येतं. पेपर हातात पडण्याआधी ती परत लावा. दोन्ही मॉडेलांत सौरपट्टीसोबत एलआर४४ बॅटरी असते. मंद उजेडात पडदा फिका दिसू लागला की ती बदला, नवी लावल्यावर पुन्हा रीसेट करा.