‘तुमची मुलगी मागे पडते आहे’ : चिमुकल्यांच्या खेळवर्गात झालेली आमची फसवणूक

माझी मुलगी 14 महिन्यांची असताना आम्ही तिला खेळ आणि हालचालींच्या एका वर्गात घातले. आज ती 19 महिन्यांची आहे, वर्ग आमच्यापुरता संपलेला आहे आणि त्याचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की आमची फसवणूक ज्या एका कागदाच्या जोरावर झाली तसा कागद इतर पालकांच्याही हाती दिला जातो, आणि आपल्या मुलाविषयी काही वाईट लिहिलेला कागद समोर आला की त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे बळ आई-वडिलांपाशी त्या क्षणी उरत नाही.

मुलगी रांगली नव्हती. ती बसल्या बसल्या एक पाय दुमडून, दुसरा पुढे टाकून सरकत असे आणि पुढे एके दिवशी खुर्चीला धरून उभी राहू लागली. आमच्या घरात दुसरे लहान मूल नाही, त्यामुळे तिला चढायला-उतरायला मोकळी जागा आणि आसपास चार मुले मिळावीत, एवढाच हेतू मनात धरून आम्ही वर्ग शोधत होतो. जो वर्ग सापडला त्याच्या माहितीपत्रकात ‘वय 1 ते 3 वर्षे, एका तासाला फक्त सहा मुले, आई किंवा वडील सोबत’ असे लिहिलेले होते. भिंतीवर हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांचे नाव होते आणि त्यांचे तत्त्वही थोडक्यात दिलेले होते : मूल ज्या स्थितीत स्वतःहून जाऊ शकत नाही त्या स्थितीत त्याला मोठ्यांनी बसवू किंवा उभे करू नये.

डेमोचा तास खरोखर उत्तम झाला, आणि हे मी आजही नाकारणार नाही. प्रशिक्षिका जमिनीवर मुलांच्या पातळीवर बसली होती. माझी मुलगी लाकडी उताराजवळ बराच वेळ नुसती बसून राहिली, तेव्हा तिने तिला हात धरून ओढले नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त शेजारी थांबली. अखेर मुलगी स्वतःच उतारावर पोटावर आडवी झाली, वर गेली, पाय आधी खाली सोडून उतरली आणि लगेच पुन्हा वळली. असे चार वेळा झाले. खोलीत मुले सहाच होती, मॅट स्वच्छ होत्या आणि तोंडात जाईल इतकी लहान वस्तू कुठेही नव्हती. माझा निर्णय तिथेच झाला होता. त्यामुळे पुढे जे घडले त्याची त्यांना काही गरजही नव्हती, असे मला कधी कधी वाटते.

तास संपल्यावर मला आतल्या लहान खोलीत नेण्यात आले. तिथे ‘समुपदेशक’ म्हणून ओळख करून दिलेल्या बाईंनी माझ्यासमोर ‘विकास मूल्यांकन’ असे शीर्षक असलेला, बारा रकान्यांचा छापील तक्ता ठेवला. त्यात तीन ठिकाणी लाल खुणा होत्या. तोल, मुलांशी संवाद आणि सातव्या रकान्यात ‘रांगण्याचा टप्पा : मेंदूच्या दोन भागांतील समन्वय अपुरा’. मूल रांगले नाही तर पुढे वाचन-लेखनात अडचणी येतात आणि ही उणीव भरून काढण्याची खिडकी तिसऱ्या वर्षी बंद होते, असे त्यांनी अगदी हळुवार आवाजात सांगितले. कोणती चाचणी केली, असे मी विचारले. त्यावर ‘आमच्या प्रशिक्षित नजरेला चाळीस मिनिटे पुरतात’ असे उत्तर मिळाले. ‘तुमची मुलगी मागे पडते आहे, पण तुम्ही वेळेत आला आहात,’ हे त्यांचे वाक्य मला शब्दशः आठवते. जागा दोनच उरल्या होत्या आणि वर्षाच्या शुल्कावरची सवलत संध्याकाळपर्यंतच होती. मुलीचे वडील कामावर होते. मी त्यांना फोनवर घाईघाईने सांगितले, ते म्हणाले, ‘तिला गरज असेल तर विचार कसला करायचा,’ आणि मी एका पडद्यावर बोटाने दोनदा सही केली. दोनदा का, हे मी त्या वेळी विचारले नाही.

त्या संध्याकाळी मला जे ठाऊक असायला हवे होते ते मी दोन महिन्यांनी वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचे निरीक्षण करून 2006 मध्ये हालचालींच्या टप्प्यांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार हात आणि गुडघ्यांवर रांगणे 5.2 ते 13.5 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही सुरू होऊ शकते आणि आधाराशिवाय चालणे 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान. याच अभ्यासात 4.3 टक्के मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, आणि ती सगळी निरोगीच होती. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलीला नीट तपासले, पायांची ताकद आणि नितंबाचे सांधे पाहिले, दोन्ही बाजू सारख्या हलतात की नाही हे पाहिले आणि काहीही करण्याची आवश्यकता नाही असे सांगितले. एकच बाजू सतत ओढत सरकणारे मूल किंवा 18 महिन्यांपर्यंत न चालणारे मूल मात्र अवश्य डॉक्टरांना दाखवावे, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे शंका घेण्याजोगी चिन्हे असतात, पण ती ओळखण्याची जागा प्रवेशशुल्क घेणाऱ्या खोलीत नसते. मुलगी साडेपंधराव्या महिन्यात चालू लागली. त्या वर्गात ती तोवर फक्त सहा वेळा गेली होती, तरीही तिचे चालणे त्यांनी आपल्या प्रगतिपत्रकात आपल्या नावे लिहिले.

लवकर शिकवले म्हणजे मूल कायमचे पुढे जाते ही कल्पना किती जुन्या काळी तपासली गेली आहे, हे वाचून मला फार आश्चर्य वाटले. 1929 मध्ये आर्नोल्ड गेसेल आणि हेलन थॉम्पसन यांनी एकसारख्या जुळ्या बहिणींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकीला 46 व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला, दुसरीला त्या काळात काहीच शिकवले नाही आणि 53 व्या आठवड्यापासून फक्त दोन आठवडे सराव दिला. थोड्याच काळात दुसरी पहिलीच्या बरोबरीला आली, कारण तोवर तिचे शरीर त्या कामासाठी तयार झालेले होते. दोनच मुलींवरचा तो प्रयोग होता आणि त्यावरून सगळे काही ठरत नाही, हे मान्य आहे. तरीही ‘आज प्रवेश घेतला नाही तर उशीर होईल’ असे कोणी म्हणाले की मला आता त्या दोघी बहिणी आठवतात.

वर्ग सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून डेमोतली प्रशिक्षिका दिसेनाशी झाली. तिच्या जागी दर वेळी वेगळ्या मदतनीस मुली येऊ लागल्या आणि सहाची संख्या आधी दहा, मग चौदा झाली. चौदा मुलांना एक उतार पुरत नाही, म्हणून रांग लावण्यात आली. सव्वा वर्षाच्या मुलांची रांग! त्यांना थोपवून धरण्यासाठी भिंतीवरच्या पडद्यावर गाणी लावली जात. एके दिवशी मी घड्याळ लावून पाहिले : 45 मिनिटांच्या तासात माझी मुलगी स्वतःहून हलली ती नऊ मिनिटे. कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 12 ते 19 महिन्यांच्या मुलांच्या मोकळ्या खेळाची मोजणी प्रसिद्ध केली होती. त्यात मुले तासाला सरासरी 2,368 पावले टाकत आणि 17 वेळा पडत असल्याचे आढळले होते. चालणे शिकण्याचा खरा मार्ग हा आहे, आणि त्याला मोकळी जमीन लागते. आम्ही पैसे देऊन आमच्या मुलीची ती जमीन काढून घेत होतो, हे कळले तेव्हा मला अतिशय वाईट वाटले.

भिंतीवरचे पिक्लर यांचे नाव तसेच होते आणि त्याच भिंतीखाली मदतनीस मुलांना काखेत धरून उंच फळीवर उभे करत होत्या. एकीने तर एका मुलाला दोन्ही मनगटे धरून गोल फिरवले. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना असे मनगटाने ओढले किंवा उचलले तर कोपराच्या सांध्यातले हाड जागेवरून सरकू शकते. मी तिथल्या तिथे थांबवले, तेव्हा ‘त्याला आवडते आहे, बघा ना कसा हसतो आहे’ असे मला ऐकवण्यात आले.

खरी गोष्ट उघड झाली ती चपला ठेवण्याच्या कप्प्यांपाशी. तिसऱ्या महिन्यात एका आईने मला संकोचत विचारले, ‘तुमच्या मुलीलाही काही अडचण आहे का?’ तिच्या पिशवीत घडी करून ठेवलेला तसाच तक्ता होता. तोल, संवाद आणि सातवा रकाना : तिथेही त्याच तीन लाल खुणा होत्या. शेजारी उभ्या असलेल्या एका वडिलांनी त्यांच्या फोनमधला तक्त्याचा फोटो दाखवला. तिथेही त्याच. त्यांचा मुलगा तर सहाव्या महिन्यापासून घरभर रांगत होता, आणि डेमोच्या तासातही तो रांगतच फिरत होता. रांगणाऱ्या मुलाच्या नावापुढे ‘रांगण्याचा टप्पा’ लाल केलेला होता, आणि तीन महिने त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता त्या कागदावर विश्वास ठेवला होता. आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही. आपल्या मुलात काही उणे आहे असे समजून प्रत्येकाने तो कागद लपवून ठेवला होता, आणि त्या लपवण्यावरच हा सगळा व्यवहार चालला होता.

डेमोतली प्रशिक्षिका मला नंतर योगायोगाने भेटली. तिला सगळ्या शाखांमध्ये फक्त डेमोच्या तासांसाठी बोलावले जात होते आणि तो तक्ता ती कधीच भरत नव्हती, तो तास सुरू होण्याआधीच तयार असे, असे तिने सांगितले. बाकीच्या मदतनीस मुलींची भिंतीवर चौकटीत लावलेली ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्रे दोन दिवसांच्या ध्वनिचित्रफिती पाहून मिळालेली होती. ती स्वतः त्या कामातून बाहेर पडली होती आणि मनापासून ओशाळलेली दिसत होती. तिच्यावर माझा राग नाही.

शुल्क परत मागितल्यावर त्या दोन सह्यांचा अर्थ कळला. पहिली सही प्रवेशाच्या करारावर होती. ‘प्रवेश रद्द करता येणार नाही, केवळ पुढे ढकलता येईल’ हे कलम त्यात होते, आणि मुलांची छायाचित्रे जाहिरातीत वापरण्याची संमतीही आधीच खूण करून ठेवलेली होती. दुसरी सही एका वित्तसंस्थेच्या कर्जकरारावर होती. वर्गाला वर्षाचे पूर्ण पैसे त्या संस्थेकडून पहिल्याच आठवड्यात मिळून गेले होते, आणि आम्ही ज्याला वर्गाचे मासिक शुल्क समजत होतो ते प्रत्यक्षात कर्जाचे हप्ते होते. त्यामुळे वर्ग सोडला तरी ते थांबत नाहीत, आणि थांबवले तर दंड लागतो व कर्जफेडीच्या नोंदीवर डाग पडतो. एका महिन्यात तासांची जागा आणि व्यवस्थापन दोन्ही बदलले. नव्या लोकांनी जुने करार आपले नाहीत असे सांगितले.

आता कोणी मला वर्गाविषयी विचारले तर मी डेमोला जाऊ नका असे म्हणत नाही, पण त्यानंतर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी न कळवता जाऊन चालू असलेला तास दारातून पाहा असे सांगते, आणि तो पाहू दिला नाही तर तिथून परत फिरा असेही. कराराची प्रत रात्रभर घरी नेता आली पाहिजे. पैसे तासाचे किंवा महिन्याचे द्यावेत, तेही थेट वर्गाला, आणि सहीसाठी समोर आलेल्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या बाजूला कोणाचे नाव आहे हे वाचावे. मूल्यांकनाचा कागद दिला तर तो घेऊन आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे, आणि लाज न बाळगता शेजारच्या पालकांनाही दाखवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात 1 ते 2 वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात किमान 180 मिनिटे निरनिराळ्या हालचाली सांगितल्या आहेत. आठवड्यातला 45 मिनिटांचा तास त्यात किती लहान बसतो, हे हिशेब करून पाहिल्यावर घाईने सही करण्याची इच्छा निम्मी होते. आमच्या घरी आता बैठकीच्या खोलीतले मेज भिंतीला लावून ठेवले आहे आणि जमिनीवर दोन जाड गाद्या तिरक्या रचलेल्या असतात.

ग्राहक तक्रार आम्ही चार पालकांनी मिळून दाखल केली आहे आणि तिच्यासोबत चारही तक्ते जोडले आहेत. तारखा वेगळ्या, मुलांची वये 12 महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंत, आणि लाल खुणा त्याच तीन रकान्यांत. आमचे पाच हप्ते गेले, सात अजून जायचे आहेत.